परिव्ययाचा आधार आणि परिव्ययाचा अंदाज : लेखाशास्त्रापासून सॉफ्टवेअरपर्यंतचा एक ऐतिहासिक आढावा

सारांश

'खर्च किती आला?' आणि 'खर्च किती येईल?' हे व्यवहारातील दोन जुने प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नातून परिव्यय लेखाशास्त्र विकसित झाले, तर दुसऱ्यातून परिव्यय अंदाजाच्या पद्धती निर्माण झाल्या. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरांचा अठराव्या शतकापासून आजपर्यंतचा विकास तपासला आहे. परिव्ययाचा कोणताही आकडा एका विशिष्ट आधारावर उभा असतो, तो आधार माणसांनी ठरविलेला असतो आणि तो नजरेआड झाला की आकडा बरोबर असूनही निर्णय चुकतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : परिव्यय, परिव्ययाचा आधार, उपरिव्यय, प्रमाण परिव्यय, मनुष्य-महिना, कार्यबिंदू.

१. प्रस्तावना

मराठीतील वाणिज्य विषयाच्या पाठ्यपुस्तकांत 'परिव्यय' ही संज्ञा आता रुळली आहे. एखादी वस्तू वा सेवा निर्माण करण्यासाठी जी साधने खर्ची पडतात त्यांचे पैशातील मूल्य म्हणजे परिव्यय, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. व्याख्या सोपी असली तरी व्यवहारात ती लागू करताना अनेक प्रश्न उभे राहतात. कोणती साधने मोजावयाची? कोणत्या काळातील किमतीने मोजावयाची? अनेक वस्तूंसाठी एकत्रितपणे झालेला खर्च एका वस्तूवर कसा वाटावयाचा? या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच परिव्ययाचा आधार होय.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात परिव्यय लेखाशास्त्र वाणिज्य शाखेत आणि सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अंदाज संगणकशास्त्र शाखेत शिकविला जातो. दोन्ही शाखांच्या पुस्तकांत एकमेकींचा उल्लेख क्वचितच आढळतो. वस्तुतः संगणक अभियंत्यांना १९६० नंतर ज्या अडचणी आल्या, त्यांतील बऱ्याचशा कारखानदारांना आणि रेल्वे कंपन्यांना शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच आलेल्या होत्या. हा दुवा दाखवून देणे आणि त्यातून दोन्ही शाखांच्या अध्यापनास काय उपयुक्त ठरू शकेल याचा विचार करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

२. व्यापाऱ्याची वही आणि कारखानदाराची अडचण

इ. स. १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापून प्रसिद्ध झाले. ही पद्धत मुख्यतः व्यापाऱ्याच्या गरजेतून आलेली होती. व्यापारी माल विकत घेतो आणि विकतो. त्याच्या दृष्टीने मालाचा परिव्यय म्हणजे खरेदीची किंमत आणि वाहतूक, जकात यांसारखा खर्च. हा खर्च बाहेरच्या माणसाला दिलेला असल्यामुळे त्याची पावती असते. कारखानदाराची स्थिती निराळी होती. माती, कोळसा, मजुरी, साचे, कारकुनांचे पगार हे सर्व एका दारातून आत येते आणि दुसऱ्या दारातून शेकडो प्रकारचा माल बाहेर पडतो. यातील एका फुलदाणीला किती खर्च आला, हे कोणतीही पावती सांगत नाही.

या अडचणीला पद्धतशीरपणे सामोरे गेलेल्या पहिल्या कारखानदारांमध्ये इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकामाचा उद्योजक जोसाया वेजवूड याचा समावेश होतो. जून १७७२ मध्ये लंडनमधील एक पेढी बुडाल्याने पतपुरवठ्याचे मोठे संकट निर्माण झाले. मागणी घटली, मालाचे साठे वाढले. किमती किती उतरवल्या तर धंदा टिकेल, हे ठरविण्यासाठी वेजवूडने आपल्या मालाच्या प्रत्येक टप्प्याचा खर्च काढावयास घेतला. या तपासणीतून त्याच्या हाती दोन गोष्टी लागल्या. पहिली म्हणजे हिशेबातील विसंगतींमुळे त्याच्या मुख्य कारकुनाचा अपहार उघडकीस आला. दुसरी गोष्ट लेखाशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. साचे व नमुने तयार करण्याचा खर्च, भाडे, कारकुनांचे पगार यांसारखे खर्च माल थोडा काढला वा अधिक काढला तरी जवळपास तेवढेच राहतात, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजेच एका नगाचा खर्च हा एकूण किती नग काढले जातात यावर अवलंबून होता. एकाच साच्यातून अधिक नग काढून किंमत कमी करण्याचे धोरण त्याला या हिशेबातून सुचले.

'या वस्तूला अमुक खर्च आला' या विधानात उत्पादनाच्या संख्येचे एक गृहीत दडलेले असते. हे गृहीत बदलले की वस्तू तीच राहूनही तिचा परिव्यय बदलतो. स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद पाठ्यपुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधी, मंदीत सापडलेल्या एका कारखानदाराच्या वहीत तो उमटला होता.

३. रेल्वे, पोलाद आणि प्रमाण परिव्यय

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न रेल्वे कंपन्यांपुढे मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. रूळ, पूल आणि स्थानके यांवरील खर्च एकदा झाला की गाड्या किती धावतात याच्याशी त्याचा थेट संबंध उरत नाही. अमेरिकेतील लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा अधिकारी अल्बर्ट फिंक याने १८७४ च्या अहवालात रेल्वेच्या खर्चाची वर्गवारी केली. वाहतुकीनुसार न बदलणारा देखभालीचा खर्च, मालाच्या वजनानुसार बदलणारा स्थानकांवरील खर्च, गाडीने कापलेल्या अंतरानुसार बदलणारा खर्च आणि भांडवलावरील व्याज असे गट त्याने पाडले. एक टन माल एक मैल वाहून नेण्याचा खर्च हे त्याचे मोजमापाचे एकक होते. सरासरी दर सर्वत्र सारखा धरला तर कोणता मार्ग तोट्यात आणि कोणता नफ्यात हे कळत नाही, असे त्याच्या मांडणीतून स्पष्ट झाले.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेत उमेदवारी केलेल्या अँड्र्यू कार्नेगीने रेल्वेतील ही शिस्त पोलाद उद्योगात आणली. १८७५ मध्ये सुरू झालेल्या एडगर थॉमसन पोलाद कारखान्यात प्रत्येक विभागाच्या साहित्याचा व मजुरीचा खर्च नियमितपणे खर्चपत्रकांत मांडला जात असे. आधीच्या काळाशी आणि इतर विभागांशी केलेली तुलना हा या पत्रकांचा हेतू होता. येथपासून परिव्ययाचा आकडा किंमत ठरविण्याबरोबरच माणसांच्या कामावर देखरेख ठेवण्याचेही साधन बनला.

पुढचा टप्पा प्रमाण परिव्ययाचा होय. फ्रेडरिक टेलर याच्या कालमापन पद्धतीने प्रत्येक कामाला किती वेळ लागावा याचे प्रमाण ठरविण्याचा प्रघात पडला. १९११ मध्ये जी. चार्टर हॅरिसन याने प्रमाण परिव्ययाची संपूर्ण पद्धत प्रत्यक्षात आणली. आता कारखान्याच्या वहीत खर्चाचे दोन आकडे शेजारी-शेजारी आले. एक प्रत्यक्ष झालेला खर्च आणि दुसरा व्हावयास हवा होता तो खर्च. दोहोंतील फरकाला 'विचरण' म्हटले गेले. येथे अंदाज आणि नोंद या दोन परंपरा प्रथमच एका पानावर आल्या. मात्र त्याचबरोबर एक सूक्ष्म बदलही घडला. अंदाज हे भविष्याविषयीचे अनुमान न राहता कामगाराकडून अपेक्षित असलेले कर्तव्य झाले. सॉफ्टवेअर उद्योगातील पुढील अनेक वादांचे मूळ या बदलात सापडते.

पहिल्या महायुद्धात सरकारने कारखानदारांना 'खर्च अधिक ठरावीक नफा' या तत्त्वावर युद्धसाहित्याची कंत्राटे दिली. त्यामुळे 'खर्च' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सार्वजनिक तिजोरीचा झाला. ब्रिटनमध्ये परिव्यय लेखापालांची संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर १९२३ मध्ये जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने उपरिव्ययावरील आपल्या ग्रंथात निरनिराळ्या प्रयोजनांसाठी निरनिराळे परिव्यय असतात हे तत्त्व मांडले. किंमत ठरविण्यासाठी योग्य असलेला आकडा कारखाना बंद करावा की नाही हे ठरविण्यासाठी योग्य असेलच असे नाही. सर्व प्रयोजनांना पुरणारा एकच 'खरा' परिव्यय शोधण्याचा प्रयत्न त्यामुळे तात्त्विकदृष्ट्या निकालात निघाला. व्यवहारात मात्र तो आजही चालू आहे.

४. एक वस्तू, तीन खर्च

साठ्याच्या मूल्यांकनाचे उदाहरण वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असते. एका दुकानदाराने एकाच प्रकारचे १०० नग १० रुपयांनी, नंतर १०० नग १२ रुपयांनी आणि शेवटी १०० नग १५ रुपयांनी घेतले. त्यातील १०० नग त्याने २० रुपयांनी विकले. प्रथम आलेला माल प्रथम गेला असे मानले तर नफा १,००० रुपये होतो. शेवटी आलेला प्रथम गेला असे मानले तर तो ५०० रुपये होतो. भारित सरासरीने तो सुमारे ७६७ रुपये येतो. माल, गिऱ्हाईक आणि गल्ल्यातील रोकड तिन्ही बाबतींत सारखीच आहे. बदलला तो केवळ परिव्ययाचा आधार.

म्हणूनच लेखामानके हा आधार दुकानदाराच्या मर्जीवर सोडीत नाहीत. भारतात १९९९ मध्ये सुधारलेल्या लेखामानक २ ने आणि २००३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय लेखामानक २ ने 'शेवटी आलेला प्रथम' ही पद्धत वगळली. भाववाढीच्या काळात मात्र मूळ खर्चाचा आधारच डळमळतो. ब्रिटनमध्ये १९७५ च्या सँडिलँड्स समितीने मूळ किमतीऐवजी चालू परिव्ययावर आधारित लेखांकनाची शिफारस केली. त्यानुसार १९८० मध्ये आलेले मानक व्यवहारात न रुजल्याने १९८८ मध्ये मागे घेण्यात आले.

करआकारणीत हाच प्रश्न नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचतो. भारतात दीर्घकालीन भांडवली नफा काढताना मालमत्तेचा संपादन खर्च महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरण्याची तरतूद १९९२ च्या वित्त अधिनियमाने आली. प्रारंभी १९८१ असलेले आधारवर्ष २०१७ च्या वित्त अधिनियमाने २००१ करण्यात आले. २०२४ मध्ये ही निर्देशांकाची सवलत सामान्यतः काढून घेऊन कराचा दर कमी करण्यात आला. आधी घेतलेल्या जमीन व इमारतींबाबत निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबे यांना जुन्या पद्धतीने कर मोजण्याचा पर्याय ठेवण्यात आला. वीस वर्षांपूर्वी घर घेण्यासाठी मोजलेली रक्कम बदलत नाही. पण त्या घराचा कायद्याच्या दृष्टीने असलेला 'खर्च' संसदेच्या एका निर्णयाने बदलतो.

५. भारतातील संदर्भ

भारतात परिव्यय लेखापालांची संस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९५९ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा मिळाला. १९६५ मध्ये कंपनी अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने ठरावीक उद्योगांना परिव्ययाच्या नोंदी ठेवणे आणि त्यांचे परीक्षण करून घेणे बंधनकारक करण्याचा अधिकार शासनाला मिळाला. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १४८ मध्ये ही परंपरा चालू राहिली. नियंत्रित अर्थव्यवस्थेत वस्तूंच्या किमती शासन ठरवीत असल्याने उत्पादकाचा खर्च तपासणे आवश्यक होते, ही यामागील भूमिका होती.

परिव्ययाच्या आधारावरील सर्वांत ठळक सार्वजनिक वाद मात्र कारखान्यांऐवजी शेतीच्या क्षेत्रात झाला. महाराष्ट्रात १९८० मध्ये चाकण व नाशिक परिसरातील कांदा-ऊस आंदोलनांतून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची मागणी पुढे आणली. या मागणीतील कळीचा शब्द 'उत्पादन खर्च' हा होता. कृषी मूल्य आयोगाच्या गणनेत उत्पादन खर्चाच्या अनेक पातळ्या आहेत. 'ए-२' मध्ये शेतकऱ्याने रोखीने वा वस्तुरूपाने प्रत्यक्ष केलेला खर्च येतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे अंदाजित मूल्य मिळविले की 'ए-२ अधिक कुटुंबश्रम' हा आकडा मिळतो. 'सी-२' मध्ये याशिवाय स्वतःच्या जमिनीचा अंदाजित खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते.

२००४ ते २००६ या काळात राष्ट्रीय शेतकरी आयोगाने किमान आधारभूत किंमत उत्पादन खर्चापेक्षा निदान ५० टक्के अधिक असावी अशी शिफारस केली. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली. त्यानंतरचा सर्व वाद हा दीडपट कशाची, 'ए-२ अधिक कुटुंबश्रम' या खर्चाची की 'सी-२' खर्चाची, या एकाच मुद्द्यावर झाला. गुणाकार दोन्ही बाजूंना मान्य होता. मतभेद होता तो आधाराविषयी. घरच्या बाईने शेतात केलेले काम हा खर्च आहे की नाही, स्वतःच्या जमिनीचा खंड मोजावा की नाही, हे प्रश्न लेखाशास्त्राच्या परिभाषेत मांडले जातात. परंतु त्यांच्या उत्तरावर कुटुंबांचे उत्पन्न अवलंबून असते.

६. न दिसणाऱ्या वस्तूचा अंदाज

विसाव्या शतकाच्या मध्यास अंदाजाच्या परंपरेला विमान उद्योगाने संख्याशास्त्रीय रूप दिले. टी. पी. राइट याने १९३६ मध्ये विमानांच्या खर्चाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. उत्पादित विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानामागील सरासरी श्रम आधीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात, असे त्याने दाखविले. पूर्वी केलेल्या कामांच्या नोंदींवरून पुढील कामाच्या खर्चाचे सूत्र बांधता येते, ही कल्पना त्यातून दृढ झाली.

संगणक प्रणालींचा अंदाज करताना मात्र या अनुभवाचा थेट उपयोग झाला नाही. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ खर्च नसतो. सर्व खर्च पहिल्या प्रतीचा असतो. वेजवूडच्या भाषेत सांगावयाचे तर येथे साचाच संपूर्ण वस्तू आहे. शिवाय कच्चा माल नसल्याने खर्चाचा जवळजवळ सर्व भाग माणसांच्या वेळेचा असतो. त्यामुळे 'मनुष्य-महिना' हे एकक स्वाभाविकपणे पुढे आले.

अमेरिकेतील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने १९६० च्या दशकाच्या मध्यास १६९ प्रकल्पांच्या १०४ गुणविशेषांचा अभ्यास करून खर्चाचे समीकरण तयार केले. या प्रतिमानाने दिलेल्या अंदाजांची सरासरी ४० मनुष्य-महिने होती आणि प्रमाण विचलन ६२ मनुष्य-महिने. विचलन सरासरीहूनही मोठे असणे याचा अर्थ इतक्या परिश्रमानंतरही अंदाजाला स्थैर्य लाभले नव्हते. याच काळात आय.बी.एम. कंपनीची ओएस-३६० ही प्रणाली तयार होत होती. १९६३ ते १९६६ या वर्षांत तिच्यावर सुमारे ५,००० मनुष्य-वर्षे खर्ची पडली असावीत, असा तिचा प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स याचा अंदाज आहे. काम वेळापत्रकाच्या मागे पडले आणि खर्च अंदाजाच्या पुढे गेला. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरविलेल्या परिषदेत अशा अनुभवांची उघड चर्चा झाली.

ब्रुक्स याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात मनुष्य-महिना या एककावरच बोट ठेवले. माणसे आणि महिने यांची परस्पर अदलाबदल करता येते, हे या एककातील गृहीत आहे. कापूस वेचण्याच्या कामात ते बव्हंशी खरे ठरते. ज्या कामात प्रत्येकाने इतरांशी बोलावे लागते तेथे ते टिकत नाही. पाच जणांच्या गटात परस्परसंवादाच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. माणसे चौपट झाली तर जोड्या एकोणीसपट होतात. उशीर झालेल्या प्रकल्पावर नवी माणसे घातल्यास त्याला आणखी उशीर होतो, हा ब्रुक्सचा निष्कर्ष या गणितावर आणि नव्यांना शिकविण्यात जाणाऱ्या वेळेवर आधारलेला आहे.

७. ओळी, कार्यबिंदू आणि मर्यादा

बॅरी बोहम याने १९८१ मध्ये ६३ प्रकल्पांच्या नोंदींवरून 'कोकोमो' हे प्रतिमान मांडले. त्याच्या मूळ रूपात साध्या प्रकल्पासाठी हजार ओळींच्या संख्येचा १.०५ वा घात काढून त्यास २.४ ने गुणले की श्रम मनुष्य-महिन्यांत मिळतात. यंत्रसामग्रीशी घट्ट बांधलेल्या प्रणालींसाठी हे आकडे १.२० आणि ३.६ असे आहेत. एक लाख ओळींच्या प्रणालीस पहिल्या सूत्राने सुमारे ३०२ आणि दुसऱ्याने सुमारे ९०४ मनुष्य-महिने येतात. काम वाढते त्याहून अधिक वेगाने खर्च वाढतो, हे ब्रुक्सचे निरीक्षण येथे घातांकाच्या रूपाने समाविष्ट झाले आहे.

लेखाशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र सूत्रापेक्षा त्याभोवतीच्या व्याख्यांकडे जावयास हवे. बोहमच्या मनुष्य-महिन्यात कामाचे १५२ तास आहेत. प्रकल्प व्यवस्थापकाचा वेळ त्यात धरला आहे; संगणक केंद्राचे चालक, सचिव, वरिष्ठ व्यवस्थापन यांचा वेळ धरलेला नाही. वापरणाऱ्यांचे प्रशिक्षणही बाहेर ठेवले आहे. कारखान्याच्या परिव्ययात प्रत्यक्ष श्रम आणि उपरिव्यय यांच्यामध्ये जी रेषा असते, तीच रेषा येथे आखलेली दिसते. ही रेषा न वाचता केवळ सूत्र वापरणाऱ्याचा अंदाज गणिताने अचूक आणि व्यवहारात अपुरा ठरतो. बोहमने मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदविल्या आहेत. मूळ प्रतिमानाचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीच्या मर्यादेत ६० टक्के वेळाच येत होता. तसेच प्रकल्पाच्या अगदी प्रारंभी केलेला अंदाज चौपट जास्त वा एक-चतुर्थांश इतका कमी ठरू शकतो, असे त्याने दाखविले.

ओळींच्या आधारावर आणखी एक आक्षेप होता. कुशल व्यक्तीने एखादे काम १,००० ओळींत केले आणि दुसऱ्याने तेच ३,००० ओळींत केले, तर एका ओळीमागील खर्च दुसऱ्याचा कमी दिसू शकतो आणि अकुशलतेला बक्षीस मिळते. आय.बी.एम. मधील ॲलन आल्ब्रेख्त याने १९७९ मध्ये कार्यबिंदूंची पद्धत मांडली. प्रणालीत येणारी माहिती, बाहेर पडणारी माहिती, चौकशा आणि माहितीचे संच यांची भारित मोजणी करून वापरणाऱ्याच्या दृष्टीने कामाचा आकार काढावा, अशी ही कल्पना होती. निर्मात्याने काय लिहिले यापेक्षा वापरणाऱ्याला काय मिळाले यावर मोजमापाचा आधार हलविण्याचा हा प्रयत्न होता.

कारखान्यांच्या परिव्यय लेखाशास्त्रातही जवळपास याच काळात असेच वळण आले. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८७ मध्ये प्रचलित परिव्यय पद्धती आर्थिक अहवालांपुरत्या उरल्या असून व्यवस्थापकीय निर्णयांसाठी त्यांचा उपयोग ओसरला आहे, अशी टीका केली. श्रमाच्या तासांवर उपरिव्यय वाटण्याऐवजी ज्या क्रियांमुळे खर्च होतो त्या क्रियांच्या आधारे तो वाटावा, ही कूपर आणि कॅप्लन यांची मांडणी त्यानंतर रूढ झाली. दोन्ही क्षेत्रांत जुना आधार मोजण्यास सोपा असला, तरी खर्च ज्या कारणांनी होत होता त्यांच्याशी त्याचा संबंध तुटला होता.

८. ताळेबंदातील सॉफ्टवेअर आणि विसरलेला आधार

सॉफ्टवेअरवरील खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा करावा की मालमत्ता म्हणून ताळेबंदात न्यावा, हा प्रश्नही आधाराचाच आहे. विक्रीसाठीच्या सॉफ्टवेअरबाबत अमेरिकेत १९८५ च्या मानकाने तांत्रिक व्यवहार्यता सिद्ध होईपर्यंतचा खर्च महसुली आणि त्यानंतर माल बाजारात येईपर्यंतचा भांडवली मानला. भारतात २००२ च्या लेखामानक २६ ने संशोधनाचा टप्पा आणि विकासाचा टप्पा यांत असाच भेद केला. ही मानके काम टप्प्याटप्प्याने पुढे जाते असे गृहीत धरतात. २००१ नंतर प्रसार पावलेल्या लवचीक कार्यपद्धतींत आराखडा, लेखन आणि चाचणी ही कामे दर दोन-तीन आठवड्यांना एकत्रच होऊ लागली. अखेर २०२५ मध्ये अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरबाबत टप्प्यांचा निकष काढून टाकणारी दुरुस्ती केली. कामाची पद्धत बदलली आणि तिच्या मागोमाग परिव्ययाचा आधार बदलावा लागला.

आधार विसरल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे कॅनडातील बंदूक नोंदणी कार्यक्रम हे एक उद्बोधक उदाहरण आहे. या कार्यक्रमात संगणकीय नोंदणी प्रणाली हा महत्त्वाचा घटक होता. १९९५ मध्ये संसदेला कार्यक्रमाचा निव्वळ खर्च २० लाख डॉलर सांगण्यात आला. हा आकडा ११.९ कोटी डॉलर खर्चातून ११.७ कोटी डॉलरचे अपेक्षित शुल्क वजा करून काढलेला होता. दोन मोठ्या अंदाजांच्या वजाबाकीतून आलेला आकडा अत्यंत नाजूक असतो. दोहोंपैकी एक थोडा जरी चुकला तरी तो अनेक पटींनी बदलतो. येथे दोन्ही चुकले. २००२ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेपुढे ठेवलेल्या अहवालानुसार २००४-०५ पर्यंतचा खर्च १०० कोटी डॉलरहून अधिक आणि शुल्काचे उत्पन्न सुमारे १४ कोटी डॉलर होणार होते. वाढत्या खर्चाची कारणे संसदेला वेळेवर व पुरेशी सांगितली गेली नाहीत, हा अहवालाचा मुख्य आक्षेप होता.

भारतीय सॉफ्टवेअर सेवा उद्योगातही या प्रश्नाचे एक रूप दिसते. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात झाली आणि पुढे १९९० च्या दशकात पुण्यासह अनेक शहरांत हा उद्योग वाढला. तासांच्या वा महिन्यांच्या दरावर सेवा देणे आणि ठरावीक रकमेत काम पूर्ण करून देणे, असे दोन प्रकारचे करार त्यात रूढ झाले. पहिल्या प्रकारात अंदाज चुकल्यास भार ग्राहकावर पडतो, तर दुसऱ्यात तो कंपनीवर आणि पर्यायाने जादा तास बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर पडतो. हे जादा तास हजेरीच्या नोंदीत आले नाहीत तर प्रकल्पाचा नोंदलेला खर्च कमी दिसतो. हाच कमी आकडा पुढील प्रकल्पाच्या अंदाजाचा आधार बनतो. शेतकरी कुटुंबातील श्रमाप्रमाणेच येथेही न मोजलेले काम हिशेबातून नाहीसे होते. करणाऱ्याच्या आयुष्यातून ते नाहीसे होत नाही.

९. निष्कर्ष

१. परिव्ययाचा आकडा हा निसर्गात सापडणारा नसून मान्य केलेल्या आधारावर रचलेला असतो. उत्पादनाची संख्या, मूल्यांकनाची पद्धत, मोजलेली व वगळलेली साधने ही त्या आधाराची मुख्य अंगे होत.

२. नोंद आणि अंदाज या दोन परंपरा परस्परावलंबी आहेत. भूतकाळातील नोंदींत जे श्रम वगळले जातात ते भविष्याच्या अंदाजातूनही वगळले जातात.

३. अंदाज हे अनुमान आहे. त्याला कर्तव्याचे स्वरूप आले की त्यातील अनिश्चितता लपविली जाते. प्रारंभीच्या अंदाजाला एकच आकडा देण्याऐवजी मर्यादा देणे अधिक प्रामाणिक ठरते.

४. आधार कोण ठरवितो हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. शेतकरी, कामगार, करदाता आणि संगणक अभियंता या सर्वांचे हितसंबंध त्यात गुंतलेले आहेत.

१०. समारोप

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता वाणिज्य आणि संगणकशास्त्र या विभागांनी या विषयाची काही व्याख्याने संयुक्तपणे आयोजित करणे शक्य आहे. कोकोमोचे सूत्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उपरिव्ययाची संकल्पना आणि प्रमाण परिव्यय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ब्रुक्सचे विवेचन परिचित असावे. महाविद्यालयाच्या परिसरातीलच एखाद्या पिकाचा वा छोट्या संगणक प्रकल्पाचा खर्च दोन निरनिराळ्या आधारांवर काढून त्यांतील फरकाचे स्पष्टीकरण लिहावयास सांगणे, हा त्यासाठी उपयुक्त प्रात्यक्षिक ठरू शकेल. बेरीज-गुणाकार आता यंत्र करून देते. बेरजेत काय घेतले आणि काय गाळले हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे काम मात्र शिक्षकाचेच आहे.